स्पीडवे ग्रां प्रीतले ते पंधरा जण नक्की निवडायचे कसे? (भांडण अपेक्षित आहे)

डावीकडेच_वळतो

मंडळी, स्पीडवे ग्रां प्री म्हणजे मोटरसायकलच्या या खेळाची वर्ल्ड चॅम्पियनशिप सिरीज, तिच्यातल्या जागांचं बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज इथे ओततो, कारण घरी आता या विषयावर माझं कोणी ऐकत नाही.

२०२५ चा सीझन आठवा. शेवटची ग्रां प्री व्होयन्सला, बार्तोश झ्मार्झलिक सहाव्यांदा वर्ल्ड चॅम्पियन, आणि त्याच्या मागे ब्रेडी कुर्ट्झ. १८३ आणि १८२. एवढ्या रात्री, एवढ्या हीट्स (छोट्या रेस), आणि फरक एका पॉइंटचा! कुर्ट्झ लागोपाठ पाच ग्रां प्री जिंकला तरी टायटल नाही मिळालं. बरं हा माणूस आला कुठून, तर आदल्या वर्षीच्या चॅलेंजमधून. म्हणजे एका रात्रीच्या क्वालिफायरमधून. पर्मनंट रायडर म्हणून त्याचं हे पहिलंच वर्ष होतं.

आता विचार करा, त्या चॅलेंजच्या रात्री त्याची साखळी तुटली असती तर? तर हे सगळं बघायला मिळणार की नाही हे एका कमिटीच्या मर्जीवर ठरलं असतं. दिली जागा तर दिली, नाहीतर बस घरी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अलीकडची पद्धत साधारण अशी आहे की सीझनभराचे पर्मनंट रायडर पंधरा, त्यात आदल्या वर्षीचे पहिले सहा आपोआप येतात (पूर्वी आठ यायचे), तीन-चार जण चॅलेंजमधून, एक युरोपियन चॅम्पियन, आणि उरलेल्या जागा चक्क वाटल्या जातात, ज्याला वाइल्ड कार्ड म्हणायचं. सोळावा रायडर त्या त्या रात्रीचा स्थानिक वाइल्ड कार्ड, शिवाय दोन ट्रॅक रिझर्व्ह.

माझं म्हणणं सरळ आहे. वाटायची एकही जागा नको. जो यायचा तो ट्रॅकवरून येऊ दे. बोला.

चौथे_गेट

वोफिंडेन.

डावीकडेच_वळतो

माहीत होतं कोणीतरी पहिल्याच प्रतिसादात हे नाव फेकणार.

चौथे_गेट

मग फेकणारच ना राव. ताय वोफिंडेन २०१० मध्ये ग्रां प्रीत होता आणि तळाला होता, २०१३ मध्ये त्याला वाइल्ड कार्ड दिलं तेव्हा तुझ्यासारख्याच लोकांनी नाकं मुरडली होती, आणि त्याच वर्षी पठ्ठ्या चॅम्पियन झाला, ते पण शेवटी शेवटी मोडलेलं कॉलरबोन घेऊन. पुढे २०१५ आणि २०१८ आहेच. तुझा नियम असता तर २०१३ चा चॅम्पियन त्या वर्षी टीव्हीवर ग्रां प्री बघत बसला असता.

टेनिसमध्ये पण बघ, इव्हानिसेविच २००१ ला वाइल्ड कार्डवर येऊन विम्बल्डन जिंकला. देणाऱ्याची नजर चांगली असेल तर वाटलेली जागा वाया जात नाही.

निरागस_वाचक

माफ करा, मी या खेळात अगदी नवीन आहे. स्पीडवे म्हणजे त्या ब्रेक नसलेल्या बाइक ना? खरंच ब्रेक नसतात की उगाच म्हणतात?

मिथेनॉलचा_वास

खरंच नसतात हो. ५०० सीसी, एकच सिलिंडर, इंधन मिथेनॉल, गिअर बदलायची भानगड नाही, ब्रेक नाही. चार रायडर, चार फेऱ्या, सगळं डावीकडे, जेमतेम एका मिनिटात हीट खलास. पहिल्याला ३, मग २, १, ०. डाव्या बुटाखाली लोखंडी तळ असतो, तो जमिनीवर टेकवून मागचं चाक बाहेर फेकत वळायचं. थांबायचं असेल तर थ्रॉटल सोडायचा आणि देवाचं नाव घ्यायचं.

धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की साध्या मीटिंगमध्ये सोळा जण, वीस हीट्स, प्रत्येकाच्या वाट्याला पाच. प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदा भिडतो. पाचही जिंकल्या तर १५. ग्रां प्रीत त्यानंतर पुढचे राउंड असतात. २०२५ पासून पहिले दोघे थेट फायनलला, आणि तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंतचे दोन लास्ट चान्स हीट्समध्ये, त्यातले दोन विजेते फायनलला.

निरागस_वाचक

धन्यवाद! एवढ्या छोट्या रेससाठी एवढं भांडण 😀

मिथेनॉलचा_वास

छोट्या रेसमध्येच जास्त भांडण होतं.

आकडेमोड

मूळ लेखाशी निम्मा सहमत. वाटपाबद्दल नंतर बोलू, पण तू चॅलेंजला "ट्रॅकवरून येणं" म्हणून डोक्यावर घेतोयस त्यात मोठा लोच्या आहे.

पाच हीट्स. गेट (सुटायच्या जागा) चार. म्हणजे कुठलं तरी एक गेट दोनदा येणार, आणि ते कुठलं हे नंबरावर ठरतं. काही ट्रॅकवर पाऊस पडून गेला की आतलं गेट सोनं आणि बाहेरचं माती, काही ठिकाणी रात्र चढली की उलटं होतं, सगळं शेल (ट्रॅकवरची भुसभुशीत माती) बाहेरच्या बाजूला जमा होतं आणि तिथेच ग्रिप मिळतो. ग्रां प्रीत निदान टाइम्ड प्रॅक्टिस असते, जो वेगवान तो आपला नंबर आधी निवडतो.

आता समज एका हीटला क्लच तापला, बाइक किंचित पुढे सरकली, स्टार्टला आडव्या लावलेल्या टेपला लागली. एक्सक्लूड. शून्य. उरलेल्या चारही जिंकल्या तरी १२. बारावर कधी आरामात आत जातोस, कधी रनऑफ (बरोबरी फोडायची जादा रेस) खेळावा लागतो, आणि चारपैकी एखादी हीट जरी दुसरा आलास तरी ११ वर येऊन दुसऱ्यांच्या निकालाकडे बघत बसतोस. वर्षभर कष्ट केलेल्या माणसाचं पुढचं आख्खं वर्ष अर्ध्या सेकंदात गेलं.

आणि हेच सिरीजमध्ये काय होतं बघ. २०२३ ला झ्मार्झलिक व्होयन्सला क्वालिफाइंगमध्ये चुकीचा सूट घालून उतरला (हो, सूट, म्हणजे अंगातले कपडे) आणि आख्ख्या राउंडमधून बाद झाला. त्या रात्रीचे पॉइंट शून्य. तरीही टोरुनला लिंडग्रेनला मागे टाकून टायटल त्यानेच घेतलं. का, तर बाकीच्या रात्री शिल्लक होत्या. चॅलेंजला बाकीची रात्र नसते. आत यायचं दार सगळ्यात लहरी आणि आतलं घर सगळ्यात न्याय्य, हे उलटं नाही का वाटत?

जुनं_वेम्बली

आकडेमोड यांच्याशी सहमत, पण आजच्या पोरांना एका रात्रीचं एवढं वाईट वाटतं याची गंमत वाटते. १९३६ पासून १९९४ पर्यंत वर्ल्ड चॅम्पियनशिपचा निकाल बहुतेक वेळा एका रात्रीच्या फायनललाच लागायचा की. तिथपर्यंत पोचायला पण शिडी. इंग्लंडमधला असाल तर ब्रिटिश फायनल, मग कॉमनवेल्थ किंवा ओव्हरसीज, मग इंटरकॉन्टिनेंटल, मग वर्ल्ड फायनल. युरोपातल्यांना कॉन्टिनेंटल, उत्तरेकडच्यांना नॉर्डिक. यातली एक जरी पायरी निसटली की पुढच्या वर्षी भेटू.

त्यामुळे काय काय झालं बघा. १९७३ ला होझुवला येझी श्चाकिएल चॅम्पियन झाला, रनऑफमध्ये समोर आयव्हन मॉगर, आणि मॉगर पडला. मॉगरची सहा टायटल्स आहेत हो, सहा! १९८३ ला नॉर्डेनला एगॉन म्युलर पाचही हीट्स जिंकून गेला, घरचं मैदान, घरचं पब्लिक. १९८५ ला ब्रॅडफर्डला तिघांचा रनऑफ झाला, गुंडरसन, नील्सन, एर्मोलेन्को. त्या रात्री स्टेडियममध्ये श्वास कसा घेत असतील लोक!

१९९५ ला ग्रां प्री सिरीज आली, हान्स नील्सन पहिला चॅम्पियन. न्याय वाढला हे मान्य. पण अंगावर काटा येणं कमी झालं, हेही लिहून ठेवा.

रनऑफ

शिडीचं गुणगान गाताना १९८२ विसरू नका वेम्बलीकाका. ओव्हरसीज फायनल, व्हाइट सिटी. एकाच हीटमध्ये चार अमेरिकन. ब्रूस पेनहॉल स्वतः आत गेलेला होता, त्याने आपल्या देशवाल्यांना पुढे जाऊ दिलं म्हणजे तेही क्वालिफाय होतील. पब्लिकने अशी हुर्यो उडवली की विचारू नका. त्याच वर्षी लॉस एंजेलिसला तो वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि लगेच रिटायर.

मला सांगायचंय ते एवढंच की "ट्रॅकवरून आला" म्हणजे "स्वच्छ आला" असं समीकरण नाही. क्वालिफायरच्या शेवटच्या चार हीट्समध्ये कोणाला पॉइंट हवेत आणि कोणाला नकोत हे सगळ्या पिट्सना माहीत असतं. ज्याला नकोत त्याचा थ्रॉटल थोडा हलका होतो. सिद्ध करता येत नाही, दिसतं मात्र.

जुनं_वेम्बली

काका कोणाला म्हणतोस रे. बाकी मुद्दा मान्य.

डावीकडेच_वळतो

बराच मसाला जमला, थोडं थोडं उत्तर देतो.

वोफिंडेन. मान्य, तो निवड करणाऱ्यांचा मास्टरस्ट्रोक होता. पण एक वोफिंडेन दाखवून दरवर्षीच्या चार-पाच जागा माफ करायच्या का? ज्यांना वाइल्ड कार्ड मिळालं आणि जे अकरावे-बारावे-तेरावे येऊन परत पुढच्या वर्षी वाइल्ड कार्डवरच आले त्यांची यादी केलीत तर ती वोफिंडेनपेक्षा लांब होईल. सातवा आलेला माणूस आणि तेरावा आलेला माणूस दोघंही डिसेंबरपर्यंत फोनची वाट बघत बसतात यात मला खरंच कसंतरी होतं. सातव्याने वर्षभर काय कमी केलं?

आणि लोक म्हणतात की प्रत्येक देशाचा माणूस हवा, तिकिटं खपायला हवीत, लाट्वियाच्या राउंडला लाट्वियन, चेकच्या राउंडला चेक, जर्मनीत जर्मन. कबूल. पण त्यासाठी सोळावी जागा आहे ना! त्या रात्रीचा वाइल्ड कार्ड. तो नुसता शोभेचा असतो असंही नाही. २०१२ ला व्होयन्सला मिकेल येप्सेन येन्सन, २०१३ ला टोरुनला मिएजिन्स्की, आणि २०१४ ला गोझुवला एक १९ वर्षांचा पोरगा, हे सगळे एका रात्रीच्या वाइल्ड कार्डवर येऊन ग्रां प्री जिंकून गेले. तो १९ वर्षांचा पोरगा म्हणजे झ्मार्झलिक. मग सीझनभराची वाटप कशाला पाहिजे?

चौथे_गेट

एका रात्रीचा वाइल्ड कार्ड घरच्या ट्रॅकवर येतो, जिथे त्याला प्रत्येक खड्डा पाठ. त्याने जिंकलं म्हणून सीझनभर टिकेल असं नाही. आणि खरं सांगू, टायटलच्या लढतीत हाच माणूस जास्त गोंधळ घालतो. त्याला गमवायला काही नसतं, तो पहिल्या कॉर्नरला जिथे घुसायचं नाही तिथे घुसतो आणि कोणाच्यातरी वर्षाचा निकाल लावतो.

दुसरं, दुखापत. त्याचं काय? २०१६ ला जेसन डॉयल टेबलवर पहिला होता, टोरुनला आपटला आणि सीझन संपला. २०१७ ला तोच चॅम्पियन. त्याचे पॉइंट तेव्हा पुरेसे होते म्हणून बरं. पण समजा हेच मे महिन्यात झालं असतं तर? ना पहिल्या सहात, ना चॅलेंजला उतरता येत. जगातल्या पहिल्या तिघांत असलेला माणूस बाहेर. तुझ्या "एकही जागा नको" मध्ये याचं उत्तर नाही.

डावीकडेच_वळतो

…नाही. हे खरंय. विचार करतो.

मिथेनॉलचा_वास

मी एक सुचवू का? शिव्या घालू नका. चॅलेंज-बिलेंज सोडा, पोलिश एक्स्ट्रालीगाची सरासरी घ्या. जगातली सगळ्यात तगडी लीग, जवळपास सगळे टॉपचे रायडर तिथे, एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत मॅचेस, कमाई पण तिथेच. लीगचा सीझन संपला की सरासरीनुसार वरचे चार-पाच जे ग्रां प्रीत नाहीत ते आत. एका रात्रीचा प्रश्नच मिटला.

आकडेमोड

शिवी नाही घालत, पण घालावीशी वाटली.

लीगमध्ये निम्म्या मॅचेस घरच्या ट्रॅकवर, जो क्लब स्वतःच्या रायडर्सच्या सोयीने बनवतो. दुसरं, प्रत्येक टीमला ज्युनियर खेळवावेच लागतात, दुसरी हीट तर फक्त ज्युनियरांची. ज्या सिनियरच्या वाट्याला समोर ज्युनियर जास्त येतात त्याची सरासरी फुगते, आणि जो टीमचा लीडर आहे त्याला शेवटच्या हीट्समध्ये समोरच्या टीमचे सगळ्यात खतरनाक दोघे मिळतात. म्हणजे चांगला असण्याची शिक्षा. तिसरं, तिथे जोडीने चालवतात, पार्टनरला पुढे घेण्यासाठी माणूस मुद्दाम बाहेरची लाइन धरून समोरच्याला अडवतो, स्वतःचा पॉइंट गेला तरी चालतो.

शिवाय ज्याला एक्स्ट्रालीगात कॉन्ट्रॅक्ट नाही त्याने काय करायचं? खालच्या डिव्हिजनमध्ये किंवा ब्रिटनमध्ये आग लावणाऱ्या पोराला दारच बंद. वर्ल्ड चॅम्पियनशिपचं दार कोणाच्या क्लब मॅनेजरच्या हातात द्यायचं?

मिथेनॉलचा_वास

बरं बाबा. सूचना मागे.

कुंपणापलीकडून

बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज लिहितो. तुम्ही सगळे फॉरमॅटबद्दल बोलताय, मी एक बघितलेलं सांगतो.

मँचेस्टरला नॅशनल स्पीडवे स्टेडियममध्ये एका मीटिंगला मला पिट्सच्या अगदी लगत जागा मिळाली होती. ग्रां प्री नव्हती, पण वैयक्तिक पॉइंटची मीटिंग होती, वर जाण्यासाठीची. एक रायडर, नाव नाही घेत, पहिल्या दोन हीट्स जिंकून आलेला. तिसऱ्या हीटला टेप तोडली. परत आला, बाइक मेकॅनिकच्या हातात दिली, हेल्मेट काढलं नाही, तसाच एका उलट्या क्रेटवर बसला. मेकॅनिक त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. त्याने मागचा स्प्रॉकेट सोडवला, बाजूच्या ट्रेमधून दुसरा काढला, दातांची संख्या बोटाने मोजली, परत ठेवला, तिसरा काढला. क्लचचं झाकण उघडून आतून प्लेट्स बाहेर काढल्या, त्या निळ्या पडल्या होत्या, नव्या बसवल्या. दुसरा एक पोरगा बारक्या पत्र्याने मडगार्डखालची माती खरवडत होता, ती ओली लाल माती त्याच्या कोपरापर्यंत. हे सगळं दोन हीट्सच्या वेळात. त्या दहा मिनिटांत रायडर फक्त उजव्या हाताची मूठ उघड-बंद करत होता, क्लचची बोटं डाव्या हाताची असतात तरी उजवी, का ते मला आजतागायत कळलं नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की शून्य म्हणजे काय. कागदावर ते एक गोल आहे.

निरागस_वाचक

मग पुढे काय झालं त्याचं?

रनऑफ

सुंदर लिहिलंय. लिहित जा हो.

पैशाचा मुद्दा मात्र कोणी काढला नाही अजून. दोन-तीन इंजिनं, ट्यूनर, मेकॅनिक, व्हॅन, डिझेल, हे सगळं रायडरच्या खिशातून. २०१४ च्या आधी एमिल साइफुत्दिनोव्हने ग्रां प्री सोडली ती याच कारणाने, परवडत नाही म्हणून. टायटलसाठी लढणारा माणूस! म्हणजे क्वालिफाय झालेला माणूस येईलच असंही नाही. त्यामुळे जागा रिकामी झाली तर कोण, हा प्रश्न नियमात आधीच सुटलेला हवा, नाहीतर परत फोनाफोनी.

आणि कधीकधी ट्रॅकबाहेरचं जग पण ठरवतं. २०२१ चा चॅम्पियन आर्त्योम लागुता २०२२ ला उतरूच शकला नाही, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियन रायडर्सवर बंदी आली. त्यावर इथे वाद नको, दुसरा धागा काढा. पण राखीव यादी का हवी ते यातून कळतं.

जुनं_वेम्बली

१९९८ ते २००४ चा फॉरमॅट आठवतो का कोणाला? चोवीस रायडर. वरचे आठ थेट मेन इव्हेंटला, खालचे सोळा आधी आपसात लढणार, दोनदा मागे राहिलास की घरी, उरलेले आठ वरच्यांना जाऊन मिळणार. म्हणजे क्वालिफिकेशन दर राउंडलाच चालू. चोवीस जागा असल्या की कोणाला घ्यायचं यावर एवढी मारामारी होत नाही. मार्क लोरम २००० ला असाच चॅम्पियन झाला, एकही ग्रां प्री न जिंकता! तो सातत्याचा चमत्कार होता.

चौथे_गेट

आणि एखाद्याने हजार किलोमीटर व्हॅन चालवत यायचं, दोन हीट्स, दोन मिनिटं, सामान बांधा. परवडेल का ते विचारा रनऑफला.

जुनं_वेम्बली

ते आहे म्हणा. २००५ ला सोळावर परत आले ते उगाच नाही.

डावीकडेच_वळतो

हां, तर विचार केला. मी माझा प्रस्ताव बदलतोय, हसायचं नाही.

पहिले आठ आपोआप. सहा नाही, आठ. म्हणजे सातव्या-आठव्याची फोनची वाट बघणं बंद. युरोपियन चॅम्पियन एक. चॅलेंजमधून पाच, पण चॅलेंज एक रात्र नाही, तीन राउंड, तीन वेगळ्या ट्रॅकवर, एक मोठा एक छोटा एक मधला, बेरीज करून वरचे पाच. झाले चौदा. पंधरावी जागा फक्त दुखापतवाल्यासाठी, आणि तीही अटीवर, मागच्या दोन वर्षांत जो पहिल्या आठात होता आणि दुखापतीने निम्म्याहून जास्त राउंड चुकला त्यालाच. असा कोणी नसेल तर चॅलेंजचा सहावा. कमिटीला हात लावायला काही उरत नाही.

आकडेमोड

तीन राउंड घेणार कधी?

डावीकडेच_वळतो

म्हणजे?

आकडेमोड

म्हणजे वार सांग. पोलंडची लीग शुक्रवार आणि रविवार. स्वीडन मंगळवार. ब्रिटन सोमवार आणि गुरुवार. डेन्मार्क बुधवार. शनिवार ग्रां प्री, युरोपियन चॅम्पियनशिप आणि सध्याचे क्वालिफायर, सगळे त्यातच कोंबलेले. आत्ताच चार-एक क्वालिफाइंग राउंड होतात, त्यातले वरचे वरचे मग एका चॅलेंजला. त्यात अजून दोन शनिवार कुठून आणतोस? पाऊस पडून एक मीटिंग पुढे ढकलली की आख्खा आठवडा कोलमडतो. बरं बसवलंस तरी खर्च, वर रनऑफने सांगितलाय. जो श्रीमंत क्लबचा आहे तो तीनही राउंडला तीन बाइक घेऊन येईल, जो नाही तो दुसऱ्या राउंडलाच गळेल.

मिथेनॉलचा_वास

मग नवीन राउंड नकोतच! जे क्वालिफाइंग राउंड आधीच होतात त्यांचे पॉइंट चॅलेंजला पुढे न्या. म्हणजे राउंडला १४ केलेला माणूस चॅलेंजला थोडी शिल्लक घेऊन उतरेल, एका टेपने तो मरणार नाही. शनिवार वाढत नाही, डिझेल वाढत नाही.

डावीकडेच_वळतो

अरे हे भारी आहे. हे मला का नाही सुचलं.

जुनं_वेम्बली

कारण हे १९३६ ला करून झालंय पोरांनो.

पहिली वर्ल्ड फायनल, वेम्बली. ऑस्ट्रेलियाचा ब्लूई विल्किन्सन पाचही हीट्स जिंकला. पंधरापैकी पंधरा. फायनलमध्ये त्याला कोणी हरवू शकलं नाही. आणि आला तिसरा! कारण आधीच्या राउंडचे बोनस पॉइंट धरायचे होते, त्यात तो मागे होता. रनऑफ झाला तो लायनेल व्हॅन प्राग आणि एरिक लँग्टनमध्ये, व्हॅन प्राग चॅम्पियन. विल्किन्सनने तो रनऑफ उभा राहून बघितला असेल, एकही रेस न हरलेला माणूस. पुढे १९३८ ला त्याने टायटल घेतलं म्हणून जिवाला शांती.

न्यायासाठी आणलेल्या शिल्लकीने केलेला हा अन्याय. बघा परवडतो का.

चौथे_गेट

हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. पंधरापैकी पंधरा आणि तिसरा.

डावीकडेच_वळतो

वेम्बलीकाका (आता काकाच म्हणणार), किस्सा जबरदस्त, पण इथे लागू नाही असं मला वाटतं. तिथे मुकुट एकच होता आणि शिल्लकीने तो दुसऱ्याच्या डोक्यावर गेला. इथे मुकुट नाही, चार-पाच खुर्च्या आहेत. चॅलेंजला पंधरापैकी पंधरा करणारा माणूस बाहेर राहील अशी शक्यता जवळपास नाहीच, आणि ती पण नको असेल तर साधी तरतूद करा, चॅलेंज जिंकणारा काही झालं तरी आत. शिल्लक फक्त बाकीच्या खुर्च्यांसाठी. विल्किन्सन वाचला.

जुनं_वेम्बली

हम्म. हे चालेल. लेखी घ्या.

आकडेमोड

चालेल काय! राउंड सारखे कुठे असतात? एका राउंडला तीन माजी ग्रां प्रीवाले एकत्र येतात, दुसऱ्याला एकही नाही. सोप्या राउंडचे १४ आणि अवघड राउंडचे १० यात मला १० वाला भारी वाटेल. त्याला चार पॉइंटांनी मागे का ढकलायचं?

डावीकडेच_वळतो

मग पॉइंट नको, नंबर न्या. राउंड जिंकला त्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. म्हणजे फरक जास्तीत जास्त एका हीटएवढा.

आकडेमोड

आणि रायडर राउंडमध्ये वाटताना आधीच्या वर्षीच्या कामगिरीवरून सीडिंग करायचं, म्हणजे सगळे दिग्गज एकाच डबक्यात येणार नाहीत. तर मग मी विरोध मागे घेतो. पूर्ण नाही. नव्वद टक्के.

रनऑफ

आकडेमोडचे नव्वद टक्के म्हणजे इतरांचे दोनशे. धागा मुखपृष्ठावर लावा.

बाकी शेवटच्या चार हीट्समधले हलके थ्रॉटल याने अजून वाढणार, हे माझं लिहून ठेवा. राउंड जिंकायचा की नुसतं आत जायचं एवढा एक तरी हिशोब मात्र आता सगळ्यांना लागू राहील, म्हणजे आधीच आत गेलेल्यालाही जोर लावायला कारण मिळालं, हे खरं.

चौथे_गेट

आणि माझ्या वोफिंडेनचं काय झालं? एवढ्या सगळ्यात तो कुठून येणार?

डावीकडेच_वळतो

चॅलेंजमधून. आला नाही तर पुढच्या वर्षी.

चौथे_गेट

म्हणजे २०१३ नाही. मला नाही पटत. एक जागा ठेवा रे, एकच. कमिटीला नका देऊ हवी तर, ग्रां प्रीतल्या चौदा रायडर्सना मत देऊ दे की ट्रॅकवर कोणाची भीती वाटते. ते कोणाच्या मागे शेल खातात ते त्यांनाच ठाऊक असतं.

मिथेनॉलचा_वास

ज्याची भीती वाटते त्याला ते मत देतील होय! 😂

चौथे_गेट

…हो, ते पण खरं.

निरागस_वाचक

सगळ्यांचं झालं असेल तर, कुंपणापलीकडून यांनी सांगितलंच नाही. त्या टेपवाल्या रायडरचं पुढे काय झालं?

कुंपणापलीकडून

सॉरी, राहिलंच. पुढच्या हीटला त्याला बाहेरचं गेट आलं. सुरुवातीच्या रेषेवर टाचेने जमीन खणत बसला, स्टार्ट मार्शलने हाताने चल चल केलं तरी अजून एक लाथ घातलीच. सुटला, पहिल्या कॉर्नरला कुंपणाला घासून सगळ्यांच्या बाहेरून गेला, जिंकला. शेवटची हीट दुसरा आला. एकूण ११. एका पॉइंटने रनऑफ हुकला.

मी निघालो तेव्हा पार्किंगमध्ये व्हॅनचा मागचा दरवाजा उघडा होता, तो आणि मेकॅनिक मिळून बाइक वर चढवत होते, आणि स्प्रॉकेटवरून जोरात भांडत होते.